पिल्लांसोबत जाळीही द्या

मा. पशुसंवर्धन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे यांस खुलं पत्र

आयुक्त महोदय,


परसातल्या कुक्कुटपालनासाठी आपल्या खात्याकडून अनुदानावर पिल्लं आणि तलंगा दिल्या जातात. त्यांच्यासोबत दिवसा पिल्लं झाकून ठेवायला एक जाळी किंवा बांबूचं मोठं डालगंही द्यावं, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मागणी लहान दिसेल. पण तिच्यात गावातल्या बायकांच्या हातात येणारा थोडाफार पैसा आणि आमच्या भागातल्या शिकारी पक्ष्यांचा जीव, दोन्ही अडकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. घराला पडवी, मागे परडं, परड्याच्या कडेला फणस आणि आंबे, मग दगडी गडगा, गडग्यापलीकडे काजूची बाग आणि तिथून पुढे रान. आमच्याकडची बहुतेक घरं अशीच. कोंबडीला याहून सुखाची जागा नाही. पानांच्या थराखाली वाळवी आणि किडे मिळतात, उकिरड्यावर दाणे मिळतात, धुळीत अंग घोळायला मिळतं. आणि नेमक्या याच कारणांनी शिक्र्यालाही याहून सोयीची जागा नाही. बसायला दाट झाड, झाडाखाली मोकळी जमीन, आणि त्या जमिनीवर पिल्लं.

घारीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ती आभाळात घिरट्या घालते. शिक्रा तसा दिसत नाही. पारव्याएवढा पक्षी, वरून करडा, छातीपोटावर तांबूस बारीक आडवे पट्टे, गळ्याच्या मधोमध एक काळसर उभी रेघ, मोठ्या नराचा डोळा लालभडक. फणसाच्या पानोळ्यात खोडाला लागून तो गुपचूप बसून राहतो. कोंबडी पिल्लं घेऊन उकरायला लागली आणि पिल्लं तिच्या पायांत घोटाळायला लागली की तो फांदी सोडतो. जमिनीपासून हातभर उंचीवरून, गडग्याच्या आडोशाने येतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की कोंबडीने पिसं फुलवून उडी घेतली, पिल्लं चहूकडे पांगली, आणि काहीतरी करडं काजूच्या बागेकडे गेलं. कावळे कालवा करतात तो त्यानंतर. हातातली कोयती टाकून धावत जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. पिल्लू एवढंसं असेल तर मागे पीसही सापडत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी उन्हाळ्यात खुडूक कोंबडी रवणीला बसवली होती. एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली, पाऊस लागेपर्यंत त्यांतली चार उरली. ‘मी जरा पाठ वळवली की येतो गो तो मेला,’ काकू सांगत होत्या. त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा हताशपणा जास्त होता. काकू दिवसभर पाठ वळवणार नाहीत असं होणारच नाही. पाणी भरायचं असतं, चूल असते, गुरं असतात, मे महिन्यात काजू आणि आंब्याची कामं अंगावर असतात. कोंबड्यांना म्हणून वेगळा वेळ कुणाकडेच नसतो. परसातली कोंबडी परवडते ती याच हिशोबावर, की ती आपलं आपण खाते आणि संध्याकाळी आपण होऊन खुराड्याकडे येते.

या कोंबड्यांचं मोल पुण्यामुंबईत बसून चटकन लक्षात येत नाही, म्हणून सांगते. गावठी अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. आमच्याकडे राखणीला कोंबडा लागतो, शिमग्याला लागतो, चाकरमानी गावी आले की त्यांना गावठीच हवी असते. शेतीचा पैसा घरातल्या पुरुषाच्या हातात जातो. अंड्यांचा आणि कोंबड्याचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. त्यातून वहीपेन येतं, औषध येतं, बचत गटाचा हप्ता जातो. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख नोंदली गेली. २०१२च्या तुलनेत ही वाढ जवळजवळ ४६ टक्क्यांची आहे. हा सगळा पसारा उघड्यावर फिरतो. त्याच्यावर छप्पर असतं ते फक्त रात्री.

माझ्या मागणीचं मूळ इथंच आहे. कोंबड्यांच्या रक्षणाचा विचार आला की आपण सगळे रात्रीचा विचार करतो. उदमांजराने दार ढकलू नये, रानमांजराला फट सापडू नये, म्हणून खुराडं पक्कं करतो, कडी घालतो, दारावर दगडही ठेवतो. ते केलंच पाहिजे. पण शिक्रा, घार आणि गरुड उजाडल्यावर येतात, आणि उजाडलं की आपण स्वतःच्या हाताने खुराड्याचं दार उघडून पिल्लं बाहेर सोडतो.

गावच्या कोंबडीखालची पिल्लं निदान आईच्या मागे असतात. आई त्यांना उघड्यावरून झुडपाखाली नेते, संकट दिसलं की हाक देते, पंखाखाली घेते, वेळ पडली तर अंगावर धावून जाते. कोणत्या हाकेला काय करायचं हे पिल्लांना तिच्यामागे फिरताफिरता कळत जातं. योजनेतल्या एकदिवसीय पिल्लांना ही आई नसते. ती उबवणी यंत्रातून निघतात, पहिले आठवडे दिव्याच्या उबेखाली काढतात, आणि जेव्हा अंगणात पाऊल टाकतात तेव्हा शंभरच्या शंभर पिल्लं एकाच वयाची, एकाच वकुबाची असतात. त्यांच्यात जाणतं कुणी नसतं. वावटळीने पान उडालं तरी दचकतात आणि खरा शिक्रा आला की उघड्यावर गोळा होतात. उबवणी केंद्राने आईचं काम आपल्याकडे घेतलं आहे. अंडी उबवणं हा त्या कामाचा पहिला भाग होता, आणि पिल्लं अंगावर घेणं हा दुसरा. तो दुसरा भाग कुणाकडेच आलेला नाही. जाळी मागते आहे ती त्यासाठी.

सुधारित जाती निवडतानाही हा विचार शास्त्रज्ञांनी केलेला आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया परसासाठी तयार केल्या त्या रंगीत पिसांच्या. पांढरीशुभ्र कोंबडी मातीवर लांबून दिसते, ठिपक्यापट्ट्यांची कोंबडी पाचोळ्यात मिसळून जाते. पायाच्या लांबीचाही विचार झाला, कारण परसातल्या कोंबडीला पळता आलं पाहिजे. इज्जतनगरच्या संस्थेने असीलच्या रक्तातून काढलेली निर्भीक तर लढाऊ म्हणूनच ओळखली जाते. मात्र हे सगळे गुण कामी येतात ते पक्षी मोठा झाल्यावर. मोठ्या कोंबडीला आमच्या शिक्र्यापासून काही भय नाही, आणि घार तिच्या वाटेला जात नाही. मोरघार आणि मोठे गरुड हे अपवाद, पण ते रोज अंगणात येणारे पाहुणे नव्हेत. पिल्लाचे पहिले सहा ते आठ आठवडे हाच खरा घाताचा काळ. तेवढा पार पडला की बाजू पुष्कळ सावरते. म्हणजे आपल्याला कोंबडीला जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं नाही. दीड-दोन महिने दिवसा झाकायचं आहे, एवढंच.

हे झाकणं काही नवं नाही. आमच्या आज्या पिल्लं डालग्याखाली ठेवायच्या. बुरुडाने विणलेलं घुमटाच्या आकाराचं बांबूचं डालगं अंगणात उपडं घालायचं, आत आई आणि पिल्लं, वर एक दगड, आणि सावली सरकेल तसं डालगं सरकवायचं. संध्याकाळी घरात माणसं असली की तासभर मोकळं सोडायचं. आता डालगी विणणारे कमी झाले, आणि प्लास्टिकच्या टोपल्यांत वारा खेळत नाही. दहा पिल्लांना एक डालगं पुरतं. शंभर पिल्लांना ते पुरणार नाही, म्हणून त्याच धर्तीवर थोडं मोठं काहीतरी लागेल. माणग्याच्या किंवा चिव्याच्या बांबूची दहा-बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन-अडीच फूट उंच चौकट, तिला चारही बाजूंनी आणि वरून जाळी, वरच्या अर्ध्या भागावर शेडनेट किंवा माडाची झापं. खाली तळ नाही. दोन बायकांनी दोन टोकांना धरली की चौकट उचलून दुसरीकडे ठेवता आली पाहिजे, म्हणजे पिल्लांना रोज ताजी जमीन मिळते आणि एकाच जागी घाण साचून रोग वाढत नाही. अशा दोन चौकटी असल्या की शंभर पिल्लांचे पहिले आठवडे निघतात. पुढे त्याच चौकटी पुढच्या पिल्लांना, नाहीतर भाजीच्या रोपांना येतात. त्यांना जे काही अनुदान द्यावं लागेल ते एकदाच.

बांबू इथलाच, विणणारे हात इथलेच. जिथे अजून बुरुडकाम टिकून आहे तिथे हे काम गावातच देता येईल. दूरच्या पुरवठादाराने ठोकळ मापाचे पिंजरे ट्रकने पाठवले तर ते आमच्या उताराच्या परड्यात धड बसायचे नाहीत, आणि मोडले की दुरुस्त कोण करणार?

जाळी कुठली हवी, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चुकीची जाळी आणखी जीव घेते. किनाऱ्याच्या गावांत मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं कुठेही मिळतं, आणि बायका तेच परड्यावर पसरतात. बारीक दोऱ्याचं, ढिलं सोडलेलं जाळं पक्ष्याला दिसत नाही. त्यात धामण अडकते, घुबड अडकतं, कधी आपलीच कोंबडी मान अडकून मरते. जाळी जाड दोऱ्याची, लांबून डोळ्याला दिसणारी आणि ताणून बांधलेली हवी, तिची घरं दीड इंचाहून मोठी नकोत. बाजूंना खालच्या फूटभर भागात लोखंडी जाळी असली आणि तिची कड दगडांनी दाबली तर मुंगसालाही आवर बसतो. आणि मांजा तर कुणीही, कधीही लावू नये. परड्यावर नायलॉनचा मांजा ताणला की घार येत नाही, असं सांगणारी माणसं आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर बंदी घातली ती उगीच नाही. त्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात आणि माणसांचे गळेही.

चकाकत्या फिती, जुन्या सीडी, बुजगावणं, मेलेला कावळा काठीला टांगणं, हे सगळं आमच्याकडे करून झालेलं आहे. पहिले काही दिवस गुण येतो. मग शिक्रा त्याच काठीवर बसतो. जागा बदलत राहिलं तर थोडे दिवस अधिक मिळतात, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

खरी राखण जिवंत पहारेकऱ्यांची. आपल्या योजनेत २५ तलंगांबरोबर ३ नर दिले जातात, त्यांचं महत्त्व प्रजननापुरतं समजू नये. कोंबडा चरताना दर थोड्या वेळाने मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ बघतो. वरून संकट आलं तर तो बारीक, लांबलेली शीळ दिल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज कुठून आला हे शिकाऱ्याला नीट कळत नाही, पण सगळ्या कोंबड्या जागच्या जागी दबून बसतात किंवा झुडपात शिरतात. कुत्रा किंवा मुंगूस आला तर मात्र तो मान उंच करून मोठ्याने तुटक तुटक ओरडतो. दोन संकटांना दोन वेगळ्या हाका. पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत कोंबड्यांच्या या हाकांवर प्रयोग केले. त्यांत असंही दिसलं की आसपास कोंबड्या असल्या तर कोंबडा वरच्या संकटाची हाक जास्त वेळा देतो, एकटा असला तर पुष्कळदा गप्प राहतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना या दोन्ही हाका घरात बसून ओळखता येतात. बारीक हाक आली की त्या आधी वर बघतात. हे ज्ञान प्रशिक्षणात यायला हवं. आवाज मोबाइलवर ऐकवता येतात, त्याला खर्च नाही.

दुसरा पहारेकरी कोतवाल. काळा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा हा पक्षी उन्हाळ्यात घरटं करतो आणि त्या झाडाच्या आसपास घार, कावळा, शिक्रा कुणालाही फिरकू देत नाही. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घारीच्या पाठीवर टोचा मारत तो तिला पार वाडीबाहेर घालवतो. छोटे पक्षी त्याच्या झाडावर मुद्दाम घरटी करतात ते याच आधाराने. परड्यातलं एखादं उंच झाड निव्वळ शिक्रा बसतो म्हणून तोडण्याआधी त्यावर कोतवालाचं घरटं आहे का, हे बघावं. आणि जमिनीलगत लपायला जागा ठेवावी. दोडक्याचा किंवा पडवळाचा मांडव, अडुळशाची रांग, करवंदीची जाळी, गवताच्या उडवीखालची पोकळी, यांतलं काहीही दहा पावलांच्या आत असलं तर पिल्लाला वाचण्याची संधी मिळते. अंगण झाडून लख्ख करण्याची आपली हौस पिल्लांच्या जिवावर येते.

महोदय, आता या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. जाळी नसते तेव्हा माणसं काय करतात?

गलोल चालते. छऱ्याची बंदूक चालते. घरटं उतरवून टाकलं जातं. आणि सर्वांत वाईट म्हणजे शिकाऱ्याने अर्धवट टाकलेल्या कोंबडीत फवारणीचं औषध घालून ती उघड्यावर ठेवली जाते. शिकारी पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांना मारणं गुन्हा आहे, हे बहुतेकांना मोघम ठाऊक असतं. पण कायदा ज्या बाईला सांगतो की शिक्र्याला हात लावू नकोस, तिला पिल्लं वाचवण्याचा दुसरा मार्गही कुणीतरी हातात द्यायला हवा. नाहीतर कायदा तिच्या वाट्याला फक्त दरडावणी म्हणून येतो, आणि मग जे व्हायचं ते गुपचूप होतं.

विषाचं मांस कोण खाईल हे विष घालणाऱ्याच्या हातात नसतं. शिक्रा तर मेलेलं सहसा खातच नाही. तो मरत नाही, बाकीचे मरतात. कावळे, घारी, मुंगूस, गावातली कुत्री. मेलेल्या जनावरातून विष पुढे कसं जातं याचा धडा आपल्या खात्याइतका कुणालाच माहीत नाही. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९०च्या दशकापासून पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तिथे कुणाचाही हेतू वाईट नव्हता. परड्यात विष ठेवताना तर मारण्याचाच हेतू असतो.

शिवाय ज्याच्यावर राग निघतो तो पुष्कळदा चोर नसतोच. पावशा शिक्र्यासारखाच दिसतो, तसाच पट्ट्यांचा, तसाच उडतो. तो बिचारा झाडावरच्या अळ्या खातो आणि गलोलीचा दगड मात्र त्याला बसतो. सर्पगरुड आवाज करत घिरट्या घालतो म्हणून त्याच्या नावाने शंख होतो. त्याचं मुख्य खाणं साप आणि सरडे. पांढरट, लाल डोळ्यांची कापशी तारेवर बसते ती उंदरांसाठी. उंदरांचं नाव काढलं म्हणून सांगते, घुशी आणि उंदीर स्वतः अंडी आणि लहान पिल्लं पळवतात. कापशी आणि गव्हाणी घुबड मारलं की खुराड्याखाली बिळं वाढतात.

चोर ओळखायचा तर खुणा बघाव्या लागतात. पिसं एकाच जागी गोलाकार पडलेली आणि मुळापासून उपटलेली, छातीचं मांस खाल्लेलं, असं दिसलं तर काम शिकारी पक्ष्याचं. पिसांचे देठ चावून तोडलेले असले, पिसांचा माग झुडपाकडे गेलेला असला, तर मुंगूस, मांजर किंवा कुत्रा. रात्रीतून एकीच्या जागी चार-पाच मारून टाकलेल्या आढळल्या तर उदमांजर किंवा रानमांजर आत शिरलं. या खुणा आणि सात-आठ पक्ष्यांची रंगीत चित्रं एका पानावर मावतात. पिल्लं वाटताना ते पान प्रत्येक लाभार्थ्याच्या हातात द्यावं, आणि त्या दिवशी वनविभागाचा एखादा वनरक्षक बोलवावा. त्याने दरडावून जाऊ नये. अर्धा तास पक्षी ओळखायला शिकवावं.

भरपाई मागा, असं मला काही जणांनी सुचवलं. बिबट्याने शेळी मारली की पंचनामा होतो, पैसे मिळतात, मग शिक्र्याने नेलेल्या पिल्लाचे का नाही? मी ती मागणी करणार नाही. शेळीचं कलेवर तरी दाखवता येतं. हवेत उचललेल्या पिल्लाचा पंचनामा कुणी करायचा आणि कशाच्या आधारावर? एका पिल्लाच्या भरपाईसाठी बाईने तालुक्याला दोन फेऱ्या मारल्या तर एसटीचं भाडंच पिल्लाहून जास्त होईल. आणि भरपाईने पिल्लं वाचत नाहीत.

जाळीचा आणखी एक उपयोग आपल्या खात्याच्या थेट कामाचा आहे. २००६ साली नवापूरला आणि २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झालं, ते आपल्या डॉक्टरांनी जवळून पाहिलं आहे. रानपक्षी आणि पाळीव पक्षी यांचा संबंध जितका कमी, तितकं बरं, हे तेव्हापासून सगळीकडे सांगितलं जातं. पण परसात ते पाळायचं कसं, याचं साधन बाईकडे नाही. झाकलेल्या चौकटीत दाणापाणी ठेवलं तर निदान कावळे आणि पारवे त्याच भांड्यात चोच घालत नाहीत. मानमोडीने मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकण्याची सवयही याच प्रशिक्षणात मोडावी. चिकनच्या दुकानांची घाण आणि मेलेल्या कोंबड्या उघड्यावर पडल्या की तिथे घारी जमतात, कुत्री जमतात, आणि त्या घारींना मग शेजारच्या परड्यातली पिल्लं दिसतात. खड्डा, चुना आणि माती, एवढंच लागतं. दुकानांच्या घाणीचं काम ग्रामपंचायतींचं आहे. आपल्या खात्याने त्यांना एक पत्र लिहिलं तरी हलेल.

वेळापत्रकाबद्दलही बोलायचं आहे. शिक्र्याची पिल्लं साधारण मार्च ते जून या काळात घरट्यात असतात. तेव्हा त्याला दिवसभर शिकार न्यावी लागते, आणि आमच्या कोंबड्या त्याच दिवसांत खुडूक होतात. थंडीत, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षीही असतात. म्हणजे पिल्लं निर्धास्त सोडावीत असा महिनाच वर्षात नाही, पण उन्हाळा सर्वांत कठीण. जिथे शक्य असेल तिथे मार्च ते मे या काळात एकदिवसीय पिल्लांऐवजी तलंगांचे गट द्यावेत. आठ-दहा आठवड्यांची तलंग शिक्र्याच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. एकदिवसीय पिल्लं पावसाळा सरल्यावर द्यावीत, झाकायच्या साधनासह.

हे सगळं एकदम राज्यभर करा, असं माझं म्हणणं नाही. कोकणातले दोन तालुके घ्या, घाटमाथ्यावरचा एक घ्या, जंगलाला लागून असलेला विदर्भातला एक घ्या. काही गटांना चौकटी द्या, काहींना नेहमीप्रमाणे नुसती पिल्लं द्या, आणि आठ आठवड्यांनी दोन्हीकडची जिवंत पिल्लं मोजा. रोगाने किती गेली आणि शिकाऱ्याने किती नेली, याची वेगळी नोंद ठेवा. मोजणी आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी बचत गटांच्या मदतीने केली तर नवा माणूस लागणार नाही. आमच्या वाडीतल्या बायका नोंदी ठेवायला तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. शेजारच्या काकूंनी तर चौकटीसाठी बांबू कुठला तोडायचा तेही ठरवून ठेवलं आहे.

बांबू तोडायचा तो थंडीत. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. चौकटी विणायला आणि सुकायला महिना-दीड महिना जातो. येत्या उन्हाळ्यातल्या वाटपाआधी त्या हव्या असतील, तर चाचणीचे तालुके दिवाळीपर्यंत ठरायला हवेत. आपल्या कार्यालयाकडून जिल्ह्याला तसं कळलं की आम्ही आमचे बांबू राखून ठेवतो.

आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक कोंबडीपालक